एकच उंच टॉवर की गल्लोगल्ली अँटेना?

अनंत चतुर्दशीची रात्र होती. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर मिरवणूक रंगात आलेली, आणि आम्ही पापाच्या तिकटीजवळ पाहुण्यांच्या घरी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे. भाचीला तिच्या पप्पांना व्हिडिओ कॉलवर मिरवणूक दाखवायची होती. ते नोकरीला हैदराबादला असतात, आणि यंदा त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. फोनवर रेंजच्या चारही कांड्या भरलेल्या. तरी पलीकडे पप्पांना दिसत होतं ते एकच थिजलेलं चित्र, आणि मध्येच हलगीचा एखादा तुटका ठोका.

"मामा, रेंज फुल्ल हाय की. मग व्हिडिओ का जाईना?"

गर्दी आहे म्हणून, असं सांगून वेळ मारून नेता आली असती, आणि ते खोटंही नव्हतं. पण मी मुलांना वायरलेस शिकवतो. या प्रश्नाचं पुरं उत्तर मला मनापासून आवडतं, म्हणून ते इथं सविस्तर लिहितो.

कांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतो. तुमचा आवाज टॉवरला नीट ऐकू जातो का, आणि टॉवरकडे तुमच्यासाठी किती वेळ उरला आहे, हे त्यांच्यावरून कळत नाही. पेठेत पाणी सुटायच्या वेळी नळाच्या चावीला धार जोरात असते. पण एकाच चावीवर तीस घागरी लागल्या तर धार कितीही जोरात असो, तुमची घागर तुमच्या पाळीलाच भरणार. टॉवरची फ्रिक्वेन्सी अशीच सगळ्यांत वाटून घ्यावी लागते. मिरवणुकीच्या रात्री तर घागरी हजारोंनी असतात.

त्यात भाची व्हिडिओ पाठवत होती. म्हणजे बोलायचं होतं फोनने आणि ऐकायचं होतं टॉवरने. टॉवरला बोलायला दहा-दहा वॉटची ताकद मिळते. साध्या फोनची कमाल ताकद ०.२ वॉट. हा बारीक आवाज दूरच्या गच्चीवरच्या टॉवरपर्यंत जायचा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद चौथाई होते. भिंती, पत्रे, माणसं यांची दाटी असेल तर ती आठव्या किंवा सोळाव्या हिश्शावर येते. टॉवरचा आवाज तिच्यापर्यंत खणखणीत येत होता, तिचा टॉवरपर्यंत जात नव्हता.

मग ताकद वाढवावी का? याचं उत्तर १९४८ सालीच मिळालेलं आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने त्या वर्षी एक सूत्र मांडलं. गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती मोठा आहे आणि फ्रिक्वेन्सीचा पट्टा किती रुंद आहे, या दोन गोष्टी सांगा, की त्या वाटेवरून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते हे ते सूत्र सांगतं. समजा सिग्नल गोंगाटाच्या १५ पट आहे. तर पट्ट्यातल्या प्रत्येक हर्ट्झमागे (हे फ्रिक्वेन्सीचं माप) सेकंदाला ४ बिट जातात; बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, ० किंवा १. आता ४ चे ८ करायचे असतील तर सिग्नल ३० पट करून भागत नाही, गोंगाटाच्या २५५ पट करावा लागतो. वेग दुप्पट, ताकद सतरापट! इतकी ताकद फोनच्या बॅटरीत नाही, आणि टॉवरने ती वापरली तर शेजारच्या टॉवरच्या ग्राहकांना तोच गोंगाट होतो.

पण तीच ताकद एका वाटेवर न घालता दोन वेगळ्या वाटांवर निम्मी-निम्मी टाकली तर? प्रत्येक वाटेवर सिग्नल गोंगाटाच्या साडेसात पट, म्हणजे ३ बिटांहून थोडं जास्त. दोन्ही मिळून ६ च्या वर. चार वाटा केल्या तर ९. ताकद तेवढीच, फ्रिक्वेन्सी तेवढीच, आणि वेग दुपटीहून अधिक. हे आदर्श परिस्थितीतले आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडी घट येते. तरी पुढचं सगळं या हिशेबावर उभं आहे, म्हणून तो एकदा कागदावर करून बघाच.

आता प्रश्न असा, की हवेत दोन वेगळ्या वाटा आणायच्या कुठून? हवा एकच, फ्रिक्वेन्सी एकच. दोन अँटेना एकदम बोलले तर कालवाच होणार. तो होतोच. पण तो सोडवता येतो, आणि तेही आठवी-नववीच्या गणिताने.

समजा टॉवरच्या एका अँटेनाने एक आकडा पाठवला, दुसऱ्याने दुसरा. फोनलाही दोन अँटेना आहेत. वाटेतल्या भिंतींमुळे फोनच्या पहिल्या अँटेनाला पहिला आकडा दुपटीने आणि दुसरा एकपटीने ऐकू आला, बेरीज ११. दुसऱ्या अँटेनाला पहिला एकपटीने आणि दुसरा तिपटीने, बेरीज १३. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. सोडवली की पहिला आकडा ४, दुसरा ३. एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन आकडे पोचले. यालाच मायमो म्हणतात, म्हणजे मल्टिपल इनपुट मल्टिपल आउटपुट.

या कल्पनेच्या मुळाशी आपल्याकडची दोन नावं आहेत. आरोग्यस्वामी पॉलराज हे भारतीय नौदलातले अभियंते, लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ सालचा, पुण्याचा. इंजिनिअरिंगही पुण्यातच झालं. स्टॅनफर्ड विद्यापीठात या दोघांनी १९९२ साली मायमोच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९४ साली ते मिळालं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत जेरार्ड फॉस्किनी आणि एमरे तेलातार यांनी याचं गणित पक्कं केलं. तोवर रेडिओवाले भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनींना वैतागलेले असत. या मंडळींनी दाखवून दिलं की ते प्रतिध्वनी आहेत म्हणूनच समीकरणं वेगवेगळी होतात. ज्याला अडथळा समजत होते तीच वाट निघाली. २००९ सालच्या वाय-फायच्या मानकात मायमो आलं, मग ४जीत आलं, आणि आज तुमच्या खिशातल्या फोनला एकाहून अधिक अँटेना असतात ते यासाठीच.

पुढची उडी २०१० साली बेल लॅब्जच्याच थॉमस मार्झेटा यांनी घेतली: टॉवरवर दोन-चार का, शेकडो अँटेना लावा. ५जीच्या टॉवरवर जे चपटं, दाराच्या फळीसारखं पॅनेल दिसतं, त्यात पुष्कळदा ६४ अँटेनांची सोय असते.

आणि इथं गाडी अडते. वरची समीकरणं पुन्हा पाहा. दोन्ही अँटेनांना "दुपटीने आणि एकपटीने, बेरीज ११" असंच ऐकू आलं असतं तर? समीकरण एकच दोनदा लिहिलं, उत्तर निघणार नाही. एका पॅनेलवरचे ६४ अँटेना एकमेकांपासून चार-पाच सेंटिमीटरवर असतात. दूरवरून पाहिलं तर सगळे एकाच जागी. रंकाळ्याच्या या काठावरून पलीकडच्या काठावरच्या एका माणसाचे दोन डोळे वेगळे दिसतात का? तसंच. शिवाय वाटेत एक इमारत आडवी आली की ६४ च्या ६४ एकदम झाकले जातात.

कोल्हापुरात हे वेगळं सांगायची गरज नाही, आपल्याकडे किरणोत्सव आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत यायची ती एकाच सरळ रेषेत. त्या रेषेत एखाद्या इमारतीचा कोपरा आला तरी किरणं अडतात, म्हणून ते अडथळे शोधून काढायला लागले. उजेड आणि रेडिओ लहरी एकाच जातीच्या. सूर्य एकच आहे, तो हलवता येत नाही. अँटेना मात्र हलवता येतात.

म्हणून हे ६४ अँटेना एका पॅनेलवरून सोडवून गल्लोगल्ली पसरायचे. एक रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर, एक दुकानाच्या छज्ज्याखाली, एक तालमीच्या भिंतीवर, एक चौकात. प्रत्येक म्हणजे शाळेच्या डब्याएवढी पेटी. सगळ्या फायबरने एका मध्यवर्ती कॉम्प्युटरला जोडलेल्या. तिथं सगळ्यांचं ऐकलेलं एकत्र होतं आणि कुणी काय बोलायचं ते ठरतं. ज्या टॉवरला आपण टॉवर म्हणतो तो अख्ख्या पेठेत विरघळून जातो.

याने काय साधतं? एक तर अंतर. टॉवर ४०० मीटरवर होता, सगळ्यात जवळची पेटी आता ४० मीटरवर. दहापट जवळ म्हणजे मोकळ्यात १०० पट ताकद, आणि दाटीत हजारपटही. दुसरं, समीकरणं आता खरोखर वेगळी, कारण एक पेटी समोरून बघते, एक मागून, एक बाजूच्या बोळातून. समोर ट्रॅक्टर उभा राहिला तरी मागची पेटी आहेच. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: हद्द संपते. आज दोन टॉवरच्या मधोमध राहणारा माणूस सगळ्यात वाईट जागी असतो. आपला टॉवर लांब, आणि शेजारचा टॉवर त्याच्यासाठी निव्वळ गोंगाट. बिल सगळ्यांना सारखं, नेट मात्र टॉवरखालच्याला. पसरलेल्या अँटेनांमध्ये शेजारचा नावाचा कुणी उरतच नाही. तुमच्या आसपासच्या सात-आठ पेट्या तुमचं कडं धरतात, आणि तुम्ही चालत महाद्वार रोडवरून बिंदू चौकाकडे गेलात की मागची एक सुटते, पुढची एक जोडली जाते.

संशोधनात याला सेल-फ्री मॅसिव्ह मायमो म्हणतात. २०१७ सालच्या याविषयीच्या मूळ लेखात एक हिशेब आहे, आणि त्यात सरासरीवर भर दिलेला नाही, हे मला फार आवडतं. लेखकांनी पाहिलं की ९५ टक्के लोकांना किमान किती वेग मिळतो. एकेकट्या काम करणाऱ्या छोट्या टॉवरांच्या तुलनेत तो जवळपास ५ पट निघाला, आणि काही परिस्थितींत १० पट.

पण नुसत्या पेट्या लावून हे होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. मॉलमध्ये, मेट्रोत, मोठ्या इमारतींत ठिकठिकाणी अँटेना आजही असतात; ही कल्पना १९८७ पासूनची आहे. तिथं बहुतेक वेळा सगळे अँटेना एकच गोष्ट बोलतात, जसं देवळातली आरती प्रत्येक कर्ण्यातून एकच ऐकू येते. कोपऱ्यातही आवाज पोचतो, पण चावी एकच राहते. आपल्याला हवं आहे ते याहून अवघड: सगळ्या पेट्यांनी एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, पन्नास लोकांशी पन्नास वेगळ्या गोष्टी बोलायच्या, आणि प्रत्येकाला फक्त त्याचीच ऐकू जायची.

हे कसं होतं ते भाचीला दाखवायला मी तिला त्याच आठवड्यात रंकाळ्यावर नेलं. सकाळची वेळ, वारा पडलेला, पाणी थाळीसारखं. काठावर बसून दोघांनी हातभर अंतरावर दोन काड्या धरल्या आणि एका लयीत पाणी टोचायला लागलो. दोन्हीकडून वर्तुळं निघाली आणि एकमेकांत मिसळली. काही जागी उंचवट्यावर उंचवटा आला, तिथं पाणी दुप्पट उसळलं. काही जागी उंचवट्यावर खड्डा आला, आणि तिथं पाणी जवळजवळ हललंच नाही. एक वाळलं पान तरंगत अशा शांत पट्ट्यात आलं आणि तिथंच थांबून राहिलं, दोन्ही बाजूंनी लाटा चालू असताना. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत होती. मग मी माझी काडी जरा उशिरा टोचायला लागलो, तसा तो शांत पट्टा सरकला आणि पान नाचायला लागलं.

अँटेना नेमकं हेच करतात. कुणी किती जोरात आणि किती आधी-नंतर बोलायचं हे असं ठरवायचं, की तुमच्या फोनच्या जागी तुमच्या निरोपाच्या लहरी उंचवट्यावर उंचवटा येतील, आणि शेजारच्याच्या फोनच्या जागी त्याच लहरी एकमेकींना खाऊन टाकतील. शेजाऱ्याचा फोन म्हणजे ते शांत पान. त्याच्या निरोपाचं गणित वेगळं, त्यात पान तुम्ही. दहा अँटेना लयीत बोलले तर लहरीची उंची दहापट आणि ताकद १०० पट होते. बेलय बोलले तर सरासरी ताकद फक्त १० पट. सगळी कमाई लयीची आहे.

आणि ही लय फार बारीक आहे. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झला एक लहर साधारण साडेआठ सेंटिमीटरची, आपल्या मिसळीबरोबर येणाऱ्या ब्रेडच्या स्लाइसपेक्षा जराशी लहान. ती लहर पुरी व्हायला लागणारा वेळ म्हणजे एका सेकंदाचा साडेतीनशे कोटीवा भाग. त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच चूक चालवून घ्यायची म्हटलं, तर दोन खांबांवरच्या पेट्यांची घड्याळं इतकी जुळलेली हवीत की तेवढ्या वेळात उजेडसुद्धा एक सेंटिमीटर पुढं जात नाही. एका पॅनेलवर हे सोपं, कारण ६४ अँटेनांना एकच घड्याळ असतं. खांबाखांबावर प्रत्येकाचं वेगळं, आणि प्रत्येकातला ठोका देणारा क्रिस्टल ऊन-थंडीने जरासा पुढं-मागं होतो. लांबलचक लेझीम पथकात पुढच्या हलगीचा ठोका १०० मीटर मागच्याला पाव सेकंदाहून उशिरा ऐकू येतो आणि मागच्या रांगा मागं पडतात, तेच दुखणं. उपाय म्हणजे फायबरमधून सगळ्यांना एकच ठोका द्यायचा, ठोका कुठं किती उशिरा पोचतो ते मोजायचं, आणि पेट्यांनी एकमेकींना ऐकून पुन्हा पुन्हा जुळवून घ्यायचं. या सगळ्या खटाटोपात मला हा भाग सगळ्यात कठीण वाटतो. ४जीच्या काळातच शेजारच्या टॉवरांनी मिळून बोलायची सोय मानकात आली होती. तिचा म्हणावा तसा प्रसार झाला नाही, त्यात टॉवरांमधल्या जोडण्या आणि ही वेळेची जुळणी, दोन्ही आडवे आले.

पण कुणाला किती उशिराने बोलायचं हे पेट्यांना कळतं कुठून? त्यांना तुमचा पत्ता लागत नाही. फोन दर काही मिलिसेकंदांनी एक ठरलेली हाक देतो. जोतिबाच्या डोंगरावर "चांगभलं" ऐकलं की शब्द कोणता हे आधीच ठाऊक असतं. तो किती बारीक आणि किती उशिरा आला यावरून मधल्या वाटेचा अंदाज येतो. प्रत्येक पेटी त्या हाकेवरून आपली आणि तुमची वाट मोजते, आणि जाण्याची वाट तीच येण्याची असल्यामुळे उलट बोलताना तोच हिशेब वापरते. तुम्ही चालत असाल तर साधारण २० मिलिसेकंदांत दोन सेंटिमीटर सरकता, आणि तेवढ्याने लहरींची जुळणी बिघडते. मोटारसायकलवर असाल तर दोनच मिलिसेकंदांत. म्हणून हाक सतत द्यावी लागते. आणि वेगवेगळ्या हाका मोजक्याच असल्यामुळे दूरच्या दोन फोनना कधी एकच हाक वाटून द्यावी लागते. तालमीत "संभा" म्हणून हाक मारली की दोघं वळून बघतात, तसा घोटाळा तिथं होतो.

भाचीच्या अडचणीवर मात्र हे फार नेमकं औषध आहे. तिच्या फोनचा ०.२ वॉटचा आवाज एका लांबच्या कानाऐवजी जवळच्या सात-आठ कानांनी ऐकला असता आणि ऐकलेलं जोडून समीकरणं सोडवली असती. जवळ ऐकणारा असला की फोनही हळू बोलतो, बॅटरी टिकते. गच्चीवर टॉवर नको म्हणून भांडणं होतात; इथं एकेका पेटीची ताकद थोडीच लागते.

अडचण पैशाची आणि खोदाईची. प्रत्येक खांबापर्यंत फायबर आणि वीज न्यायची, परवानग्या काढायच्या, लाइट गेली तर बॅटरी ठेवायची. म्हणून काही जण पेट्या सोडून पट्टीच करायच्या मागे लागले आहेत: एकाच केबलमध्ये वीज, ठोका, माहिती, आणि थोड्या थोड्या अंतरावर अँटेना, मंडपाच्या लायटिंगच्या माळेसारखे. एरिक्सन कंपनीने २०१९ साली अशी पट्टी दाखवलीही होती. ती छज्ज्याखालून ओढत नेली की झालं. माझं मत विचाराल तर आपल्या जुन्या पेठांना, जिथं घरं दाट, बोळ अरुंद आणि सणाला माणसांचा महापूर, तिथं हेच योग्य आहे. खासबाग मैदान, एसटी स्टँड, अंबाबाईच्या देवळाचा परिसर, सगळं यात बसतं. गगनबावड्याच्या घाटात मात्र याचा उपयोग नाही. तिथं मैलभरात चार घरं. खांबाखांबाला फायबर नेण्यात अर्थ नाही, तिथं उंचावरचा एक दणकट टॉवरच हवा.

त्या रात्री आम्ही शेवटी कॉल बंद केला आणि भाचीने नुसतंच शूटिंग करून ठेवलं. दीड वाजता घरी आलो. कपाटावर वाय-फायचा डबा आहे, ती बसली होती तिथून सहा फुटांवर. तिने पाठवायचं बटण दाबलं आणि चप्पल काढेपर्यंत पप्पांचा फोन आला.